कोरी साक्ष

मालन सुतार गप्प बसली, असं कुणी आमच्या गल्लीत सांगितलं असतं तर लोकांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं. माझे मालक जिवंत असताना म्हणायचे, हिचं तोंड बंद करायला देवालाच खाली यावं लागंल. देव नाही आला. कोर्टाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की बाई, एका गोष्टीबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आणि नुसतं बोलायचंच नाही असं नव्हे, मनातसुद्धा आणायची नाही. घ्या आता!

ती गोष्ट काय ते सांगते, पण सगळी आत्ताच नाही. तिची जागा पुढं आहे.

इचलकरंजीत बाबूशेठचं सायझिंग होतं. सायझिंग म्हणजे सूत मागावर चढायच्या आधी त्याला खळ लावतात तो कारखाना. मी तिथं बावीस वर्षं खळ शिजवायला होते. खळ शिजते वाफेवर, वाफ येते बॉयलरमधून, आणि बॉयलरची खोली माझ्या खोलीला चिकटून. त्या बॉयलरवर फायरमन होता भूपाल. आमच्याच गल्लीतला, माझ्या घरापासून दोन दारं सोडून. चौतिशीचा, बिनलग्नाचा, घरात तो आणि त्याची आई चंपाआक्का. पोरगं माझ्या डोळ्यांदेखत रांगलं, चाललं, बॉयलरची परीक्षा पास झालं. मला मावशी म्हणायचं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बॉयलर फुटला. भिंत पडली. भूपाल जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच बातमी: फायरमन झोपला होता. प्रेताजवळ पोतं सापडलं, म्हणजे पोतं अंथरून झोपला असणार, पाणी संपलं ते कळलं नाही, बॉयलर फुटला. शेठनी सांगितलं, पेपरनं छापलं, लोकांनी मान डोलावली. कारखान्यात कॅमेरे होते, पण शेठचे कॅमेरे नेमके पाहिजे त्या दिवशी बंद असायचे. चंपाआक्काच्या दारावरून जाताना बायका हळू आवाजात म्हणायच्या, हिचाच तो झोपलेला. आक्काला ऐकू कमी यायचं, पण हे बरोबर ऐकू यायचं.

तो झोपला नव्हता. मी तिथं होते. बघणारी मी एकटीच होते.

आता पूर्वीचा काळ असता तर पोलिसांनी माझा जबाब घेतला असता, चार पानं लिहिली असती, आणि मीही ते गल्लीभर सांगत सुटले असते. पण तोवर टोपी आली होती आणि टोपीबरोबर कोऱ्या साक्षीचा कायदा. पोलिसांनी मला एवढंच विचारलं, "तिथं होता का? दिसलं का?" मी "होय" म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं तर फौजदारानं घाईघाईनं दोन्ही हात वर केले. "मावशी, थांबा! एक शब्द नको!"

टोपी काय ते मला हुक्केरी मॅडमनी समजावून सांगितलं. त्या सरकारी वकील. बारीक अंगाच्या, केसांत पेन खोचलेलं, बोलणं मात्र खणखणीत.

"मालनताई, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे," त्या म्हणाल्या. "आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू तिची गाठ सोडतो आणि परत बांधून ठेवतो. बांधताना दरवेळी तिच्यात काहीतरी मिसळतं. कुणी सुचवलेलं, कुठं ऐकलेलं, असं असतं तर बरं झालं असतं असं वाटलेलं. दहाव्यांदा सांगतो ती घडलेली गोष्ट नसते, नवव्यांदा सांगितलेली असते. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. नवी आहे ती टोपी. डोक्यावर ठेवली की माणूस सांगत असताना मेंदूत कुठं वीज चमकते, कुठं रक्त धावतं ते ती बघते, आणि ही गाठ आजवर किती वेळा सुटली असेल त्याचा अंदाज देते. त्यावरून कोरेपणाचा आकडा निघतो. शंभरपैकी सत्तरच्या वर आला तर साक्ष कोरी. खाली आला तर बाद."

"म्हणजे सुतासारखं," मी म्हटलं. "एकदा खळ लागली की ते कोरं राहत न्हाई."

"अगदी बरोबर."

"मग मी तयारी कसली करायची?"

"न आठवण्याची."

मला हसूच आलं. पण त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, पूर्वी साक्षीदारांना पोपटासारखं पढवून आणायचे, निरपराध माणसं तुरुंगात जायची, टोपीनं ते बंद केलं, म्हणून कायदा चांगलाच आहे. पण आता साक्षीदारानं तारखेपर्यंत ती आठवण झाकून ठेवायची. कुणाला सांगायची नाही, घोळवायची नाही. वर आलीच तर मनाला दुसरं काम द्यायचं.

"पाढे येतात का?"

"चौथी पास हाय मी. तीसपर्यंत येतात."

"मग अवघडातला एक धरा. आठवण आली की पाढा."

मी एकोणीसचा धरला. लहानपणी त्यानंच मला सगळ्यांत जास्त मार खायला लावला होता. घरी येईपर्यंत तीन वेळा भूपालचा चेहरा समोर आला, आणि तीन वेळा मी बसमध्ये मोठ्यानं म्हटलं, एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. शेजारची बाई सरकून बसली.

लोकांचं मला काही वाटलं नाही. आक्काचं वाटलं.

पंधरा दिवसांनी आक्का माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, दोन दारं चालून यायला तिला भिंत धरावी लागायची.

"मालन, तू हुतीस नव्हं तिथं?"

"हुते, आक्का."

"मग सांग की. माझं पोरगं झोपलं हुतं का?"

एका शब्दाचं काम होतं. 'न्हाई' म्हटलं असतं तर म्हातारी त्या रात्री दोन घास जास्त जेवली असती. पण मॅडमनी बजावलं होतं. एक शब्द काढायला आठवण उघडावी लागते, आणि मी एका शब्दावर थांबणारी बाई नव्हेच. 'न्हाई' म्हटलं की 'मग काय झालं' आलंच, आणि मग मी सगळं ओतलं असतं, रोज ओतलं असतं.

"आक्का, कोर्टात सांगीन. तवर मला इचारू नगंस. तुझ्या पाया पडते."

"कोर्ट मोठं आणि मी कोण गं?"

एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर. आक्का बराच वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिली, मग भिंत धरून निघून गेली.

आमच्या गल्लीत वर्षश्राद्धाची एक रीत आहे. जेवणं झाली की बायका गोल बसतात आणि गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगून मगच विडा घेतात. भूपालच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांनी सांगितलं. कुणी त्याच्या सायकलचं, कुणी त्याच्या मोठ्यानं शिंकण्याचं. माझी पाळी आली तशी मी भांडी घासायला मोरीत जाऊन बसले. जुनी आठवण काढायला बंदी नव्हती. पण भूपालचं नाव घेतलं की मन घसरत घसरत त्या मंगळवारीच जायचं, आणि माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मागून आवाज आला, "शेठनी हिचं तोंड शिवलं वाटतं." आक्कानं त्या बाईला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आक्काकडं वाटीभर आमटी पाठवली. वाटी संध्याकाळी परत आली, रिकामी. आमच्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पस्तीस वर्षांत आक्कानं पहिल्यांदा मला रिकामी वाटी पाठवली. मी ती हातात धरून रडले, आणि रडताना पाढा म्हणत होते. यासारखी फजिती दुसरी नाही.

शेठचा वकीलही काही कमी नव्हता. आठवण जितकी हाताळली जाईल तितका आकडा खाली, हे त्यालाही कळत होतं. माझ्या दाराखालून पडलेल्या भिंतीचे फोटो सरकायला लागले. मी ते उलटे धरून चुलीत घालायची. मग एकदा एक गोड बोलणारी बाई पेढे घेऊन आली. "मावशी, मनात ठेवून आजारी पडाल. मन मोकळं करा. कसं झालं, काय झालं?" मी तिला पाट दिला, समोर बसले आणि एकोणीसचा पाढा तिच्या तोंडावर दहादा म्हटला. पेढे ठेवून पळाली मेली. पेढे चांगले होते.

आणि तारखा! शेठना ताप आला, तारीख. वकिलाच्या घरी लग्न, तारीख. टोपीचं प्रमाणपत्र जुनं झालं, तारीख. अकरा वेळा मी इस्त्रीचं लुगडं नेसून गेले आणि अकरा वेळा तशीच परत आले. तीन वर्षं गेली. आक्काला मोतीबिंदू झाला, गुडघे गेले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण प्रत्येक तारखेला रिक्षा करून कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसायची. मी मनाशी घट्ट ठरवलं होतं, ही म्हातारी जिवंत असतानाच मी ते कोर्टात सांगणार. मग बाकीच्यांनी काय बोलायचं ते बोला.

बाराव्या तारखेला मला पिंजऱ्यात बोलावलं.

शपथ झाली. टोपीच्या तज्ज्ञ बाईंनी माझा अंबाडा सोडून टोपी बसवली. हलकी होती, पोळ्यांच्या टोपलीसारखी. न्यायाधीश साहेब वयस्कर, शांत. हुक्केरी मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, तीन वर्षं त्यांनीही श्वास धरून ठेवला होता.

"मालनताई, त्या मंगळवारी सकाळी तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

मी तोंड उघडलं. एकोणीस एके एकोणीस.

मी थांबले. घसा खाकरला. भूपाल, मी मनात म्हटलं. भूपाल. बॉयलर. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न.

आत काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण मी जिथून आत जायची तिथं पाढा उभा होता. तीन वर्षं मी दारावर राखण ठेवली होती आणि आता राखणदार मलाच आत सोडत नव्हता. नंतर टोपीवाल्या शास्त्रज्ञांनी कबूल केलं की आठवण सारखी दाबली तर ती कोरी राहते खरी, पण हाताला लागेनाशी होते, आणि कायदा करताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कबूल नंतर केलं हो. त्या दिवशी पिंजऱ्यात मी होते.

"मालनताई?" मॅडम एक पाऊल पुढं आल्या.

"मॅडम... मला... पाढाच येतोय."

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅडमनी आणखी दोनदा विचारलं. उत्तर सुचवणं कायद्यानं बंद, त्यामुळं त्यांचेही हात बांधलेले. शेवटी त्या खाली बसल्या. मी मागच्या बाकाकडं बघितलं. आक्का कानामागं हात धरून पुढं वाकून बसली होती. तिला वाटत होतं मी बोलतेय आणि तिलाच ऐकू येत नाहीये.

शेठचा वकील उलटतपासणीला उठला. शहाणा असता तर म्हणाला असता, काही विचारायचं नाही, आणि खाली बसला असता. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. त्याला चव घ्यायची होती.

"बाई, निदान हे तरी ओळखाल?" त्यानं सीलबंद मुद्देमाल फोडायला लावला. आतून पोतं निघालं. अर्धं फाटलेलं, काळपट. "भूपाल ज्याच्यावर झोपला होता ते हेच पोतं ना? नीट हातात घेऊन बघा."

मी हातात घेतलं.

पोतं असं नसतं. पोतं लवतं. हे पापडासारखं कडक होतं, घड्या पडल्या होत्या तिथं तशाच्या तशा ताठ. मी अंगठा फिरवला. बावीस वर्षं ज्या बोटांनी खळ चोळून बघितली, पातळ आहे का घट्ट, त्या बोटांना कुणी पाढा शिकवला नव्हता. मी पोतं नाकाशी नेलं. आंबूस, कुबट वास. माझीच खळ.

"एकोणीस पाचे..." मी म्हटलं, आणि पुढचा आकडा आलाच नाही.

"आक्का!" मी ओरडले. "आक्का, तुझं पोरगं झोपलं नव्हतं गं!"

वकील ओरडला, हरकत आहे. साहेब म्हणाले, "तुम्हीच पोतं हातात दिलंत. आता ऐका. बाई, बोला." मग मी बोलले. साहेबांकडं बघून नाही, मागच्या बाकाकडं बघून, मोठ्यानं, म्हातारीला ऐकू जाईल असं.

"साडेधाला बॉयलरची शिट्टी सुटली. वाफ जास्ती झाली की झडप आपोआप उघडती, शिट्टी वाजती, वाफ निघून जाती. त्या झडपंच्या दांडीला नेमलेलं वजन असतंय. भूपाल म्हणाला, शेठ, बॉयलर थंड करू द्या, झडप बघायला पाहिजे. शेठ म्हणाले, माल सांजच्याला जायचा हाय. आणि त्यांनी सवताच्या हातानं तराजूचं पाच किलोचं वजन तारेनं त्या दांडीला अडकवलं. झडप दबली, शिट्टी बंद झाली. भूपालला म्हणाले, तू गोदामात जा, गाडी भर. तो गेला, पण त्याचा जीव लागंना. धा-पंधरा मिनिटांत पळत आला, दारातनंच वाफेचा काटा बघितला. माझ्या दाराशी पोतं पडलं हुतं ते उचललं आणि माझ्या निवत ठेवलेल्या खळीच्या बादलीत बुडवलं. वजन तापलेलं, ते काढायला हाताला वलं काहीतरी पाहिजे, आणि पाण्याचा नळ पार पलीकडं."

मी थांबले. आता जे यायचं होतं ते मी पाढ्याखाली का गाडलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. नुसतं मॅडमनी सांगितलं म्हणून नव्हे. मला लाज वाटत होती.

"आणि मी त्याला शिव्या दिल्या, आक्का. मी म्हणाले, मुडद्या, सगळी खळ नासवलीस की! हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. तो हसला. म्हणाला, मावशी, शिव्या मागनं दे, आधी सगळ्यास्नी घेऊन भायेर पळ. मी आतल्या खोलीत सूत जोडणाऱ्या चौघी बायकास्नी वढत भायेर काढलं. फाटकातनं मागं वळून बघितलं तर उजव्या हाताला पोतं गुंडाळून तो त्या वजनाला हात घालत हुता. मग भिंत दिसली न्हाई."

मी पोतं वर धरलं. "साहेब, खळीत बुडवलेलं पोतं कुणी अंथरून झोपतं का? अंगाला चिकटून बसंल की!"

साहेबांनी तज्ज्ञ बाईंकडं बघितलं. त्यांनी पडद्यावरून वाचलं, "ब्याण्णव. साहेब, ही आठवण आज पहिल्यांदाच उघडते आहे."

साहेबांनी पोतं तपासायला पाठवलं. मक्याची खळ निघाली. पुढं पाच महिन्यांनी शेठला शिक्षा लागली आणि निकालात भूपालचं नाव लिहून आलं, की हा माणूस जागा होता आणि धोका टाळायला गेला होता. आक्कानं ते पान लॅमिनेट करून देवाशेजारी लावलं.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. साक्ष झाली, मॅडमनी मला मिठी मारली, अंगठ्यानं स्वतःचे डोळे पुसले आणि दुसऱ्या केसला पळाल्या. मी बाहेर आले. आक्का पायऱ्यांवर बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. बसायचं धाडस होईना.

"बस," ती म्हणाली. बसले.

"हसला म्हणालीस?"

"हसला."

"परत सांग."

मी परत सांगितलं. शिट्टीपासून. या वेळी थोडं जास्तच सांगितलं असेन, त्याच्या शर्टाचा रंग सांगितला, तो खरंच निळा होता का कुणास ठाऊक. आता टोपी नव्हती. आठवण आता आमची होती, तिला कितीही हात लागले तरी चालणार होते. आक्का 'हं, हं' करत ऐकत होती. शिव्यांपाशी आले तसे मी तिचे पाय धरले.

"आक्का, मला माफ कर गं. जाताना पोराला शिवी दिली मी."

आक्कानं पदरानं नाक पुसलं. मग माझ्याकडं वळून चांगली दरडावून म्हणाली, "शिव्या मागनं दे म्हणाला हुता नव्हं त्यो?"

"व्हय."

"मग दे की आता. तीन वर्सं वाट बघतंय माझं पोरगं."

मी आभाळाकडं बघितलं. मुडद्या, म्हटलं. भाड्या, अक्कलशून्या, सगळी बादली नासवलीस, वजन काढायला तुलाच जायचं हुतं व्हय रे, माझ्याबरबर पळाला असतास तर काय तुझं बिघडलं असतं! येणारे-जाणारे वकील थांबून बघायला लागले. मी थांबले नाही. माझा दम संपला तिथं आक्कानं धरलं, आणि तिच्या शिव्या माझ्यापेक्षा जुन्या आणि जोरकस होत्या.